कृत्रिम हिवाळ्याचा इतिहास : बंदिस्त सर्पांच्या प्रजननातील शीतसुप्तीचे स्थान

सारांश

समशीतोष्ण प्रदेशातील अनेक सर्प हिवाळ्यात काही महिने जमिनीखाली निष्क्रिय राहतात आणि वसंत ऋतूत बाहेर येताच मीलन करतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्राणिसंग्रहालयांनी व हौशी पालकांनी सर्प पाळण्यास प्रारंभ केला, तेव्हा सततची ऊब हाच त्यांच्या संगोपनाचा आधार मानला गेला. या पद्धतीत सर्प जगले. परंतु समशीतोष्ण जातींची नियमित पैदास मात्र सहजसाध्य झाली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालकांनी बंदिस्त सर्पांना हेतुतः थंडीत ठेवण्याची पद्धत विकसित केली आणि दुर्मीळ असलेली बंदिस्त पैदास नित्याची बाब झाली. प्रस्तुत निबंधात या पद्धतीच्या उदयाचा, तिच्यामागील शास्त्रीय संशोधनाचा, त्या काळातील कायद्यांचा आणि तिच्या परिणामांचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेतला आहे. ही पद्धत केवळ प्रयोगशाळेतून आलेली नसून शास्त्रज्ञ, प्राणिसंग्रहालयातील कर्मचारी व हौशी पालक यांच्या समांतर प्रयत्नांतून घडली, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : शीतसुप्ती, ब्रुमेशन, सर्पपालन, बंदिस्त प्रजनन, गार्टर स्नेक, कॉर्न स्नेक, वन्यजीव कायदा.

प्रस्तावना

मानव आणि प्राणी यांच्या संबंधांचा इतिहास लिहिताना गाय, घोडा, कुत्रा यांसारख्या पाळीव प्राण्यांचा विचार प्रामुख्याने होतो. सर्प हा त्या अर्थाने पाळीव प्राणी नाही. तो माणसाळत नाही, कामास येत नाही आणि त्याच्या पैदाशीची हजारो वर्षांची परंपराही नाही. त्यामुळे बंदिस्त सर्पांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास करण्याची कला ही अगदी अलीकडच्या काळातील, म्हणजे साधारणतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घटना आहे. इतक्या कमी काळात एखादे पशुपालन शून्यातून उभे राहिल्याची उदाहरणे थोडी आहेत. म्हणून ज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने हा विषय लक्षणीय ठरतो.

या घडामोडीच्या केंद्रस्थानी एक साधी कृती आहे. हिवाळ्याच्या तोंडावर सर्पांचे खाणे बंद करणे, त्यांना दोन-तीन महिने थंड व अंधाऱ्या जागी ठेवणे आणि त्यानंतर हळूहळू ऊब देऊन नर-मादींना एकत्र आणणे, एवढीच ती कृती होय. वरकरणी ती प्राण्याला त्रास देणारी वाटते. ज्या पालकाने काचपेटीत दिवे व तापक बसवून सर्पाला थंडीपासून वाचविले, त्यानेच त्याला पुन्हा थंडीच्या हवाली करावे, हे विपरीत भासते. परंतु संरक्षणाच्या हेतूने वगळलेला ऋतूच प्रजननासाठी आवश्यक होता, हे उमजण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. ती का लागली, याचा शोध घेणे हा या निबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. शीतसुप्तीविषयीच्या ज्ञानाची ऐतिहासिक वाटचाल स्पष्ट करणे.
२. बंदिस्त सर्पांना हेतुतः थंडावा देण्याची पद्धत कोणत्या परिस्थितीत रूढ झाली, याचा शोध घेणे.
३. या पद्धतीच्या शास्त्रीय आधाराचा परामर्श घेणे.
४. तिच्या परिणामांचे व भारतीय संदर्भातील वेगळेपणाचे विवेचन करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित शास्त्रीय निबंध, सर्पविषयक ग्रंथ आणि वन्यजीवविषयक कायदे ही प्रमुख साधने आहेत. अभ्यासाचे क्षेत्र मुख्यत्वे युरोप व उत्तर अमेरिका असून काळ १८४९ ते १९९५ असा आहे. आवश्यक तेथे त्यापूर्वीच्या व नंतरच्या घटनांचा निर्देश केला आहे.

शीतसुप्ती : निरीक्षण आणि संज्ञा

सर्प हिवाळ्यात दिसेनासे होतात, ही गोष्ट प्राचीन काळापासून ज्ञात होती. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात बहुतेक सर्प जमिनीत, तर व्हायपर सर्प दगडांखाली दडतात, अशी नोंद केली आहे. इंग्लंडमधील सेलबोर्न येथील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निसर्गविषयक ग्रंथात एका पाळीव कासवाच्या हिवाळी निद्रेचे तपशीलवार वर्णन केले. हे कासव शरद ऋतूच्या अखेरीस स्वतःला मातीत पुरून घेत असे व वसंतात बाहेर येत असे. पुढे ब्रिटनमध्ये पाळीव कासवांना हिवाळ्यात पेंढा भरलेल्या पेटीत ठेवण्याची प्रथा रूढ झाली. मात्र या प्रथेचा हेतू प्राणी जगविणे एवढाच होता. हिवाळी निद्रेचा प्रजननाशी संबंध असावा, असा विचार तीत नव्हता.

सस्तन प्राण्यांची शीतनिद्रा आणि सरीसृपांची शीतसुप्ती यांत मूलभूत फरक आहे. शीतनिद्रेत जाणारा सस्तन प्राणी आपल्या शरीराचे तापमान स्वतःच खाली आणतो आणि जागे होताना शरीरातील चरबी जाळून ते पुन्हा वाढवितो. सर्प बाह्यतापी आहे. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानावर अवलंबून असते. थंडीत त्याच्या शरीरक्रिया मंदावतात. परंतु तो गाढ निद्रेत नसतो. अधूनमधून तो जागा बदलतो व पाणीही पितो. हा फरक दर्शविण्यासाठी विल्बर मेह्यू या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील एका शिंगधारी सरड्यावरील निबंधात 'ब्रुमेशन' ही नवी संज्ञा सुचविली. हिवाळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ती बनविली होती. सर्व शास्त्रज्ञांनी ती मान्य केली नाही. मात्र सर्पपालकांनी ती उचलून धरली आणि आज ती शास्त्रीय निबंधांपेक्षा पालकांच्या व्यवहारात अधिक रुळलेली आहे. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी 'शीतसुप्ती' हा शब्द योजिला आहे.

उबेचा कालखंड

लंडन येथील रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरीसृपगृह उघडण्यात आले. केवळ सरीसृपांसाठी उभारलेली ही जगातील पहिली वास्तू मानली जाते. साम्राज्याच्या उष्ण प्रदेशांतून आलेले अजगर, नाग व सरडे लंडनच्या थंड हवेत जगवावयाचे, तर कृत्रिम ऊब अपरिहार्य होती. साहजिकच सरीसृपगृह म्हणजे तापविलेली वास्तू, असे समीकरण रूढ झाले.

या काळात काही प्रजननेही घडली. पॅरिस येथील प्राणिसंग्रहालयात १८४१ मध्ये एका अजगर मादीने अंडी घालून त्यांभोवती वेटोळे घातले. तिचे शरीर भोवतालच्या हवेपेक्षा उष्ण असल्याचे आशिल व्हॅलेन्सिएन यांनी तापमापकाने दाखवून दिले. अजगर मादी अंडी उबविते, असे निरीक्षण लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने त्यापूर्वी भारतातील अनुभवावरून फ्रेंच अकादमीपुढे मांडले होते. परंतु ते ग्राह्य धरले गेले नव्हते. लंडनमध्येही १८६२ मध्ये एका आफ्रिकी अजगराच्या अंडी उबविण्याच्या नोंदी घेण्यात आल्या. ही उदाहरणे उष्ण प्रदेशातील अजगरांची होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्यांच्या यशामुळे ऊब पुरविली की प्रजनन आपोआप होईल, हा समज दृढ होण्यास अनुकूल वातावरण मिळाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचपेटीतील सरीसृपपालन मध्यमवर्गीय घरांतही पोहोचले. जर्मनीत योहान फॉन फिशर यांचा काचपेटीविषयीचा ग्रंथ १८८४ मध्ये, तर इंग्लंडमध्ये ग्रेगरी बेटमन यांचा ग्रंथ १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीत १९१८ मध्ये 'सालामांडर' ही सरीसृप व उभयचर पालकांची संघटना स्थापन झाली. १९६४ मध्ये तिच्यातूनच जर्मन सरीसृपशास्त्र संस्था आकारास आली. या संस्थेत व्यावसायिक शास्त्रज्ञ व हौशी पालक एकत्र काम करीत. ही परंपरा पुढील घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

असे असले तरी या संपूर्ण कालखंडात सर्प मिळविण्याचा मुख्य मार्ग रानातून पकडणे हाच होता. सर्प मेला तर दुसरा आणावयाचा, अशी व्यवस्था असल्यामुळे पैदाशीची निकड नव्हती. गर्भार मादी पकडली गेली तर ती बंदिवासात अंडी घाली आणि त्यालाच बहुधा प्रजनन म्हटले जाई. म्हणजेच ज्ञानाच्या अभावापेक्षा गरजेचा अभाव हे या दीर्घ विलंबाचे अधिक महत्त्वाचे कारण होते.

तापमानाचे नवे शास्त्र

१९४४ हे वर्ष सरीसृपशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरीसृपांच्या तापमानविषयक गरजांवरील आपला निबंध त्या वर्षी प्रसिद्ध केला. सरडे व सर्प ऊन आणि सावली यांत ये-जा करून आपल्या शरीराचे तापमान बऱ्याच अंशी नियंत्रित करतात, असे त्यांनी दाखविले. 'थंड रक्ताचा प्राणी' ही कल्पना त्यामुळे मोडीत निघाली. सरीसृपाला एकच एक तापमान नव्हे, तर तापमानांची निवड करण्याची संधी हवी असते, हा त्यातून निघणारा अर्थ होता.

पुढच्याच वर्षी काउल्स यांनी आणखी एक मुद्दा मांडला. युक्का वनस्पतीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका लहान सरड्याच्या नरांना अधिक तापमानात ठेवले असता त्यांच्या वृषणांतील शुक्राणुनिर्मिती बिघडते, असे त्यांना आढळले. प्राणी जिवंत राहू शकतो त्या तापमानात तो प्रजननक्षम राहीलच असे नाही, हा या प्रयोगाचा आशय होता. काउल्स यांना त्यातून उत्क्रांतीविषयी अनुमान काढावयाचे होते; पाळीव सर्प त्यांच्यासमोर नव्हते. तथापि जगणे आणि प्रजनन यांच्या तापमानविषयक गरजा भिन्न असू शकतात, हे सूत्र येथे स्पष्टपणे पुढे आले.

त्याच १९४४ मध्ये डेन्मार्कमधील हेल्गे व्होल्सो यांनी युरोपीय व्हायपरच्या नराच्या जननेंद्रियांत ऋतूनुसार होणाऱ्या बदलांचे वर्णन प्रसिद्ध केले. सर्पांचे प्रजनन ही एका क्षणाची घटना नसून वर्षभर चालणारे चक्र आहे, ही जाणीव अशा अभ्यासांतून बळावत गेली. चक्रातील एक ऋतू वगळला तर संपूर्ण चक्र विस्कळीत होईल, हा निष्कर्ष त्यातून निघू शकत होता. परंतु शास्त्रीय नियतकालिकांतील हे ज्ञान काचपेटीपर्यंत पोहोचण्यास आणखी काही दशके जावी लागली.

हौशी पालक, कायदा आणि गरज

अमेरिकेत या ज्ञानाचे पद्धतीत रूपांतर होण्यास तीन गोष्टी कारणीभूत ठरल्या.

पहिली गोष्ट म्हणजे आनुवंशिकतेविषयीचे कुतूहल. व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ असलेले बर्नार्ड बेक्टेल व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी उत्तर कॅरोलिनात सापडलेल्या एका अल्बिनो कॉर्न स्नेकपासून बंदिवासात पिढ्या वाढविल्या. या सर्पातील रंगहीनता मेंडेलच्या नियमानुसार अप्रभावी गुणधर्म म्हणून वारशाने उतरते, असे त्यांनी १९६२ मध्ये 'कोपिआ' या नियतकालिकात दाखवून दिले. अप्रभावी गुण प्रकट होण्यासाठी किमान दोन पिढ्या वाढवाव्या लागतात. म्हणजेच रानातून आणलेल्या गर्भार मादीवर विसंबून हे संशोधन होणे शक्य नव्हते. त्यासाठी नियंत्रित पैदासच आवश्यक होती. एका डॉक्टर दांपत्याने घरी केलेले हे काम नामांकित शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध व्हावे, हे त्या काळातील हौशी व व्यावसायिक यांच्यातील सीमारेषा किती पुसट होती, याचे द्योतक आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे रानातील सर्पांवर वाढलेला ताण. न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल कॉफेल्ड यांची १९५७ व १९६९ मधील पुस्तके सर्पप्रेमींच्या एका संपूर्ण पिढीने वाचली. दक्षिण कॅरोलिनातील ओकीटी या भागातील सर्पशोधाचे त्यांचे वर्णन इतके प्रभावी होते, की सर्प पकडणाऱ्यांची पावले त्या भागाकडे वळू लागली. तेथील कॉर्न स्नेकचे रंगरूप पुढे 'ओकीटी' याच नावाने बाजारात ओळखले जाऊ लागले. सर्पांविषयी प्रेम निर्माण करणारे लेखन सर्पांच्या अधिवासावरील दबावालाही कारण ठरावे, हा या इतिहासातील एक विसंवाद आहे.

तिसरी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे कायदा. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीचा सायटीस करार ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टन येथे झाला व १९७५ मध्ये तो अमलात आला. त्याच १९७३ मध्ये अमेरिकेने संकटग्रस्त प्रजाती कायदा संमत केला. १९७७ मध्ये अजगर व बोआ यांचे संपूर्ण कुल सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. पालकांमध्ये लोकप्रिय असलेला पूर्वेकडील इंडिगो स्नेक १९७८ मध्ये संघराज्याच्या कायद्याखाली संरक्षित झाला. रानातून सर्प आणणे यापुढे पूर्वीइतके सोपे राहणार नाही, हे या घटनाक्रमातून स्पष्ट झाले. जी गरज सव्वाशे वर्षे जाणवली नव्हती, ती एका दशकात निर्माण झाली.

या पार्श्वभूमीवर १९७६ मध्ये बंदिस्त सरीसृपांच्या प्रजनन व संगोपनावरील आंतरराष्ट्रीय परिसंवादांची मालिका सुरू झाली. तेथे प्राणिसंग्रहालयांचे कर्मचारी, विद्यापीठीय संशोधक आणि हौशी पालक एका व्यासपीठावर आले. सॅन अँटोनियो प्राणिसंग्रहालयातील योझेफ लास्लो यांनी १९७५ मध्ये सर्पांचे लिंग शलाकेच्या साहाय्याने ओळखण्याची व्यवहार्य पद्धत वर्णन केली. नर कोणता व मादी कोणती हेच निश्चित नसेल, तर जोडी लावण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. त्यामुळे या साध्या साधनाचे महत्त्व मोठे होते. त्यांनीच १९७९ मध्ये बंदिस्त पैदाशीच्या संदर्भात सरीसृपांच्या प्रजननक्रमाविषयी लेखन केले. १९८० मध्ये जेम्स मर्फी व जोसेफ कॉलिन्स यांनी संपादित केलेला बंदिस्त सरीसृपांच्या प्रजननजीवशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विखुरलेल्या अनुभवांना अशा रीतीने लेखी स्वरूप प्राप्त झाले.

मॅनिटोबातील पुरावा

पालकांचा अनुभव थंडीच्या बाजूने साक्ष देत असला, तरी थंडी नेमके काय करते, याचे उत्तर कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातून मिळाले. विनिपेगच्या उत्तरेस नार्सिस या गावाजवळ चुनखडीच्या खडकात विवरे आहेत. लाल पट्ट्यांचे गार्टर स्नेक हजारोंच्या संख्येने या विवरांत जमिनीच्या गोठणरेषेखाली हिवाळा काढतात. एप्रिलच्या अखेरीस व मे महिन्यात ते बाहेर येतात. नर आधी येऊन थांबतात आणि एकेका मादीभोवती अनेक नरांचा गुंता तयार होतो. उन्हाळा लहान असल्यामुळे मीलनासाठी मिळणारा काळ अल्प असतो.

मायकेल ॲलेक्सियुक व पॅट्रिक ग्रेगरी यांनी १९७४ मध्ये या सर्पांच्या ऋतुबद्ध मीलनाविषयी निबंध लिहिला. त्यानंतर डेव्हिड क्रूज, विल्यम गार्स्टका व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. बहुसंख्य पृष्ठवंशीय प्राण्यांत नराचे मीलनवर्तन टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर अवलंबून असते, अशी सर्वसाधारण धारणा होती. परंतु या सर्पांत वृषण काढून टाकलेले नरही शीतसुप्तीनंतर मादीशी प्रणयाराधन करीत होते. उलटपक्षी, थंडीचा काळ न मिळालेल्या नरांना संप्रेरक टोचूनही त्यांच्यात ते वर्तन दिसून आले नाही. म्हणजे वर्तनाचा कळीचा घटक संप्रेरक नसून दीर्घ थंडी व त्यानंतरची ऊब हा होता. क्रूज व गार्स्टका यांनी १९८२ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात हे निष्कर्ष सर्वसामान्य वाचकांसमोर मांडले. पुढे १९८७ मध्ये मेंदूतील पिनियल ग्रंथी काढून टाकल्यास वसंतातील हे वर्तन खंडित होते, असेही दाखविण्यात आले.

या संशोधनाने सर्पांच्या वार्षिक चक्राचा उलगडाही झाला. नराचे वृषण उन्हाळ्यात वाढतात, शुक्राणू तेव्हाच तयार होतात आणि ते संपूर्ण हिवाळा शुक्रवाहिनीत साठविले जातात. वसंतात मीलन होते, तेव्हा वृषण आक्रसलेले असतात. मादीत पीतकाची निर्मिती मीलनानंतर वेग घेते. अशा रीतीने शुक्राणुनिर्मिती आणि मीलन यांच्यामध्ये निसर्गाने हिवाळा ठेवला आहे. काचपेटीतील अखंड उन्हाळ्याने हा दुवाच तोडला होता.

मात्र या निष्कर्षाचे सरसकट सामान्यीकरण करणे योग्य ठरणार नाही. मॅनिटोबातील गार्टर स्नेक हे अतिथंड प्रदेशातील टोकाचे उदाहरण आहे. फ्लोरिडासारख्या उबदार भागातील कॉर्न स्नेक सौम्य थंडीनेही प्रजननास प्रवृत्त होतात आणि काही वेळा थंडावा न देताही त्यांनी अंडी घातल्याचा पालकांचा अनुभव आहे. इंडिगो स्नेकचे मीलन तर प्रत्यक्ष हिवाळ्यातच होते. उष्ण प्रदेशातील अजगरांना शीतसुप्तीत ठेवणे घातक ठरते. त्यांच्या बाबतीत पालक रात्रीचे तापमान काही अंशांनी कमी करण्यावर समाधान मानतात.

पद्धतीचे स्वरूप

१९८० च्या दशकात स्थिरावलेली पद्धत पुढीलप्रमाणे आहे. कॉर्न स्नेक वा किंग स्नेक यांसारख्या सर्पांना शरद ऋतूच्या अखेरीस खाणे देणे बंद केले जाते. त्यानंतर दोन ते तीन आठवडे त्यांना नेहमीच्या उबेत ठेवतात. सर्पाची पचनक्रिया बाह्य उबेवर अवलंबून असल्याने पोटात भक्ष्य असताना थंडी दिल्यास ते न पचता कुजते व सर्प दगावू शकतो. पोट रिकामे झाल्यावर तापमान टप्प्याटप्प्याने उतरविले जाते आणि साधारणतः १० ते १५ अंश सेल्सिअस तापमानात सर्पांना ८ ते १२ आठवडे अंधारात ठेवले जाते. या काळात पाणी उपलब्ध ठेवतात. कृश, आजारी वा नुकतेच जन्मलेले सर्प पैदाशीच्या हेतूने थंडीत ठेवले जात नाहीत. त्यानंतर हळूहळू ऊब व खाणे सुरू होते. मादीने वसंतातील पहिली कात टाकल्यानंतर तिला नराजवळ सोडण्याची प्रथा आहे. घातलेली अंडी सुमारे २६ ते २९ अंश तापमानात ठेवल्यास साधारण दोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात.

या पद्धतीसाठी कोणत्याही महागड्या यंत्राची गरज नव्हती. थंड देशांतील घरांची तळघरे, न तापविलेल्या खोल्या व मोटारीच्या खोल्या यांनीच विवरांची जागा घेतली. ज्या वास्तूत हिवाळा बाहेर ठेवण्यासाठी सारी व्यवस्था केलेली असते, तिचाच एक न तापविलेला कोपरा या पैदाशीचा आधार बनला. ही पद्धत वेगाने पसरण्याचे हेच प्रमुख कारण होय.

परिणामांचे विवेचन

या पद्धतीचे परिणाम संमिश्र स्वरूपाचे आहेत. पहिला परिणाम म्हणजे कॉर्न स्नेकसारख्या जातींसाठी रानातून सर्प पकडण्याची गरज मोठ्या प्रमाणात कमी झाली. बंदिवासात जन्मलेले सर्प रानातील सर्पांपेक्षा परजीवींपासून अधिक मुक्त व हाताळण्यास सोपे असतात. १९९० मध्ये अमेरिकेतील ऑर्लँडो येथे सरीसृप पैदासकारांचे राष्ट्रीय प्रदर्शन सुरू झाले. पकडणाऱ्यांच्या बाजारातून पैदासकारांचा बाजार उदयास आल्याचे ते चिन्ह होते. बेक्टेल यांचा सरीसृपांच्या रंगभेदांवरील ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर रंगभेदांची निवडक पैदास हा स्वतंत्र व्यवसाय बनला होता.

तथापि पैदास वाढली म्हणजे रानातील सर्प आपोआप सुरक्षित झाले, असे म्हणता येत नाही. ज्या मॅनिटोबातील सर्पांनी शीतसुप्तीचे रहस्य उलगडले, त्यांची व्यापारी पकड पैदाशीमुळे नव्हे, तर शासकीय निर्णयामुळे १९९१ मध्ये थांबली. १९९९ मध्ये पुरेसा खोल आश्रय मिळण्यापूर्वीच आलेल्या कडक थंडीने तेथील हजारो सर्प मरण पावले. नजीकच्या महामार्गावर वाहनांखाली चिरडणाऱ्या सर्पांसाठी कुंपणे व रस्त्याखालून बोगदे करावे लागले. अधिवासाचे संरक्षण हे काचपेटीतील यशाने साध्य होत नाही, याचे हे उदाहरण होय.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर मूळचा एकही सर्प नाही. तेथे पाळीव अवस्थेतून सुटलेल्या कॅलिफोर्निया किंग स्नेकची नोंद १९९८ मध्ये झाली आणि पुढील दशकात हा सर्प तेथे स्थिरावल्याचे दिसून आले. त्यांतील अनेक सर्प अल्बिनो आहेत. रानात क्वचित आढळणारा हा रंग त्यांचे मूळ पैदासकारांच्या पेट्यांत असल्याचे सांगतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सर्पांनी व्यापलेल्या भागांत तेथील स्थानिक महाकाय सरड्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली आहे. पैदाशीचे ज्ञान प्राण्याला रानापासून वाचवू शकते, तसेच ते त्याला परक्या रानात पोहोचवूही शकते.

भारतीय संदर्भ

भारतात या इतिहासाने वेगळे वळण घेतले. येथे सर्पांचा अभ्यास प्रामुख्याने क्षेत्रीय निरीक्षण व विषचिकित्सा या दोन दिशांनी झाला. फ्रँक वॉल यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून भारतीय सर्पांवर प्रदीर्घ लेखमाला लिहिली. मुंबईच्या हाफकिन संस्थेशी संबंधित पी. जे. देवरस यांचा भारतीय सर्पांवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर देशी सर्पांचे खाजगी पालन व व्यापार यांवर निर्बंध आले. परिणामी अमेरिकेत ज्या दशकात कायद्याने पैदाशीला चालना दिली, त्याच दशकात भारतात कायद्याने पालनाचाच मार्ग बंद केला. तमिळनाडूमध्ये १९७८ मध्ये स्थापन झालेली इरुला सर्पपकड्यांची सहकारी संस्था सर्प काही काळ ठेवून विष काढते व त्यांना पुन्हा रानात सोडते. पैदाशीविना पारंपरिक कौशल्य टिकविण्याचा तो भिन्न मार्ग होय.

निसर्गातील शीतकालाचा प्रजननाशी असलेला संबंध मात्र भारतातही पाहावयास मिळतो. राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात भारतीय अजगर हिवाळ्यात बिळांच्या आश्रयाने एकत्र येतात, दुपारी उन्हात पडून राहतात आणि याच काळात त्यांचे मीलन होते. विदेशी प्राण्यांच्या पालनाविषयी २०२२ मधील कायदादुरुस्ती व त्यानंतरचे २०२४ चे नोंदणी नियम यांमुळे सायटीसच्या परिशिष्टांतील प्राण्यांची नोंद करणे आता बंधनकारक झाले आहे. त्यामुळे बंदिस्त पैदाशीचा प्रश्न भारतीय अभ्यासकांसाठीही केवळ परदेशी कुतूहलाचा राहिलेला नाही.

निष्कर्ष

१. सर्पांची शीतसुप्ती प्राचीन काळापासून ज्ञात असली, तरी प्रजननासाठी तिचा हेतुतः वापर ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घटना आहे.

२. या विलंबाचे कारण केवळ अज्ञान नव्हते. रानातून सर्प विनासायास मिळत असल्याने पैदाशीची गरजच निर्माण झाली नव्हती. १९७० च्या दशकातील कायद्यांनी ती निर्माण केली.

३. १९४४-४५ मधील तापमानविषयक संशोधनाने या पद्धतीची सैद्धांतिक पूर्वपीठिका तयार केली, हौशी पालक व प्राणिसंग्रहालयांनी ती व्यवहारात आणली आणि १९८० च्या दशकातील मॅनिटोबा येथील संशोधनाने तिचा शरीरशास्त्रीय उलगडा केला. यांपैकी कोणत्याही एका घटकाला संपूर्ण श्रेय देता येत नाही.

४. बंदिस्त पैदाशीने काही जातींच्या व्यापारी पकडीस पर्याय दिला. परंतु अधिवासाच्या संरक्षणाची जागा ती घेऊ शकत नाही. ग्रान कनारियाचे उदाहरण तिच्यातील धोक्याची जाणीव करून देते.

५. प्राण्याला जगविणे आणि त्याचे जीवनचक्र पूर्ण होऊ देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सततच्या उबेने पहिली साध्य झाली; दुसरीसाठी मात्र पालकाला आपल्या सोयीच्या कल्पना बाजूस ठेवून प्राण्याचा ऋतू त्याला परत द्यावा लागला. बंदिस्त प्राण्यांच्या संगोपनाचा विचार करताना, मग ते प्राणिसंग्रहालय असो वा संवर्धन केंद्र, हा ऐतिहासिक धडा विचारात घेणे आवश्यक आहे.